पावसाळ्याआधीचा कागद : वराहपालनातील जैवसुरक्षेचा आराखडा आणि कोल्हापूरचा पूर

दूधगंगाकाठ | ११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यात माझे छोटे वराहपालन आहे. २४ माद्या, २ नर आणि त्यांची पिल्ले एवढाच पसारा असून शेजारी दोन एकर ऊस आहे. हा धागा काढण्यामागे एक जुनी चूक आहे, ती आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचा एक नर घेतला आणि जागा नाही म्हणून त्याच दिवशी माद्यांच्या लगतच्या कप्प्यात सोडला. नवव्या दिवशी शेजारच्या मादीने खाणे सोडले, दोन दिवसांत ती गेली, आणि पुढच्या तीन आठवड्यांत लहानमोठी मिळून ३१ जनावरे मेली. गावात बोभाटा होईल, माल कोणी घेणार नाही, या भीतीने मी नमुना तपासायला पाठवलाच नाही. मेलेली जनावरे रात्री ओढ्याकडेला पुरली. त्यामुळे तो रोग कोणता होता हे मला आजही ठाऊक नाही, आणि ज्या ओढ्याकडेला ती पुरली त्याच ओढ्याचे पाणी खालचे चार शेतकरी वापरतात, याची बोच अजून जात नाही.

त्यानंतर मी ठरवले की साथ आल्यावर काय करायचे हे साथीच्या दिवशी ठरवायचे नाही. मे महिन्यात, जनावरे धडधाकट असताना, एका कागदावर लिहून तो शेडच्या भिंतीवर लावायचा. नवीन जनावर आले तर ते कोठे आणि किती दिवस वेगळे राहील, व्यापाऱ्याची गाडी कोठपर्यंत येईल, एखादे जनावर मेले तर पहिला फोन कोण कोणाला करील, आणि पुरायचा खड्डा कोठे घेतला जाईल, एवढे त्यात माणसांच्या नावांसह लिहिलेले असते. रोग शेडमध्ये येऊ न देण्याचा, म्हणजे जैवसुरक्षेचा, माझा आराखडा तो हाच. यंदाचा कागद तयार करताना मात्र एका ठिकाणी अडलो आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पूर येतो आणि पुरात जनावरे हलवावी लागतात. वर्षभर पाळलेली सगळी शिस्त त्या एका रात्रीत मोडते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हे घडलेले आपण पाहिले आहे. त्यावर कोणी काही तजवीज केली असेल तर सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_पशुवैद्य | १२ मे, सकाळी ७.१५

तुम्ही ही चूक मोकळेपणाने मांडलीत याबद्दल आभार. माझ्या नोकरीच्या काळात असे कितीतरी खड्डे रात्री घेतले गेले आणि दिवसा त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही.

आराखड्याकडे वळण्याआधी आपण कशासाठी तयारी करतो आहोत ते स्पष्ट असावे. आज सर्वांत मोठा धोका आफ्रिकन स्वाइन फीवरचा आहे. हा विषाणू १९२१ साली केनियातील नोंदींमुळे जगाला कळला, २००७ मध्ये जॉर्जिया या देशात शिरला, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये आपल्या आसाम व अरुणाचल प्रदेशात आणि जुलै २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये पोहोचला. माणसाला तो होत नाही. डुकरांमध्ये मात्र त्याला औषध नाही आणि आपल्याकडे वापरता येईल अशी लसही नाही. क्लासिकल स्वाइन फीवर हा वेगळ्या विषाणूचा रोग असून त्याची लस उपलब्ध आहे, तरीही नावातील साम्यामुळे अनेक पालक ती एक लस टोचून निश्चिंत होतात. दोन्हींत ४० अंशांच्या वर ताप, कान व पोटाखालची कातडी लाल-जांभळी होणे, एकमेकांना चिकटून पडून राहणे, गर्भपात आणि रक्ताळ विष्ठा दिसते. नुसते पाहून फरक सांगणे मलाही शक्य नाही. नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय उत्तर मिळत नाही. पुण्याला औंधमध्ये रोग अन्वेषण विभाग आहे आणि आफ्रिकन स्वाइन फीवरची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

या रोगाविषयी एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते आणि माझ्या मते सगळा आराखडा तिच्यावर उभा राहिला पाहिजे. लाळ्या-खुरकूत जसा वाऱ्यासारखा पसरतो तसा हा विषाणू सुरुवातीला पसरत नाही. तो रक्त, लाळ, विष्ठा, मांस आणि दूषित वस्तू यांतून जातो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बहुधा एकाच कप्प्यातील एक-दोन जनावरे मरतात आणि पालक ‘उन्हाने गेले असेल’ असे म्हणून गप्प बसतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस जाऊ शकतात. तुमच्या नवव्या दिवसाचा हिशेब त्यात बसतो, पण तेवढ्यावरून निदान करता येणार नाही. हा संथपणाच आपल्याला सावरायला वेळ देतो. रोज संध्याकाळी कोणत्या कप्प्यात कोणी खाल्ले नाही, कोणाला ताप आहे, कोण मेले, एवढ्या तीन रकान्यांची वही भरली तर दुसऱ्या मृत्यूलाच शंका येते आणि त्या दिवशी नमुना जातो.

आणखी एक. मेलेले जनावर स्वतः फाडून ‘आत काय झाले’ ते पाहू नका. रक्तातील विषाणू जमिनीवर, कोयत्यावर आणि हातावर पसरतो, आणि थंडाव्यात रक्तात तो वर्षाहून अधिक काळ टिकतो.

शिरोळची_लेक | १२ मे, दुपारी १.०५

पुराविषयी मी लिहिते. आमचे माहेर आणि सासर दोन्ही शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून फार दूर नाही. २०१९ मध्ये आम्ही पाणी अंगणात आल्यावर हललो. शाळेच्या मैदानावर तीन गावांची म्हशी, शेळ्या आणि डुकरे एकाच दोरीच्या आत उभी होती. कोणाचे जनावर कोणाच्या बादलीतले पाणी पीत होते हे पाहण्याइतके भान कोणालाच नव्हते, आणि लोकांनी दयाबुद्धीने छावणीतले उरलेले जेवण आणून डुकरांना घातले. आमची नशिबाने वाचली. शेजारच्यांची वाचली नाहीत, त्यांची पिल्ले महिनाभर मरत राहिली.

२०२१ च्या आधी आम्ही तीन घरांनी बसून ठरवून ठेवले. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज कळतेच. तिथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका मानतात. आम्ही इशाऱ्याचीही वाट पाहत नाही. ३५ फूट झाले आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असला की हलवायला सुरुवात करतो, कारण ४३ च्या पुढे टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर तो कोणाची कोणती जनावरे उतरवून आला आहे हे विचारण्याची सोय नसते. हलवायची जागा सार्वजनिक छावणी नाही. माझ्या चुलत दिरांचा हातकणंगले तालुक्यात उंचावर पडीक माळ आहे, तिथे बांबू आणि सिमेंटच्या पत्र्यांचा तात्पुरता आडोसा करतो. तिथे दुसरी डुकरे नाहीत हे आधी पाहून ठेवलेले असते. दहा दिवस पुरेल एवढा मक्याचा भरडा आणि पेंड जूनमध्येच तिकडे नेऊन ठेवतो, म्हणजे खाद्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही.

पाणी ओसरल्यावर परतण्याची घाई करू नये, हे मला सर्वांना कळकळीने सांगायचे आहे. पुराचा गाळ वरच्या गावांतून काय काय घेऊन येतो ते आपण जाणतो. आम्ही आधी गाळ खरवडून काढतो, धुतो, वाळू देतो, मग फवारणी, आणि त्यानंतरच जनावरे.

दूधगंगाकाठ | १२ मे, रात्री ८.२०

ताई, ‘३५ फूट’ हा आकडा कागदावर लिहून ठेवण्याची कल्पना मला फार मोलाची वाटली. आमच्याकडे दूधगंगेचे पाणी असल्याने राजाराम बंधाऱ्याचा आकडा सरळ लागू होणार नाही, पण काळम्मावाडी धरणातून विसर्ग सोडल्याची सूचना आली की सहा तासांच्या आत पहिली खेप हलवायची, असे मी लिहून ठेवतो. डॉक्टरसाहेब, गाळ काढल्यावर फवारणी नेमकी कशाची आणि किती करावी?

निवृत्त_पशुवैद्य | १२ मे, रात्री १०.००

कॉस्टिक सोडा १ लिटर पाण्यात ८ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून पृष्ठभाग ३० मिनिटे ओला ठेवला तर हा विषाणू निष्प्रभ होतो. हातमोजे, गमबूट आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये, कारण कातडी भाजते. पण ताईंनी सांगितलेला क्रम फवारणीच्या द्रावणाहूनही महत्त्वाचा आहे. शेण, चिखल, रक्त यांचा थर असेल तर कोणतेही जंतुनाशक खालपर्यंत पोहोचत नाही. मी कितीतरी शेडच्या दारात पाय बुडवण्याची टाकी पाहिली आहे, जिच्यात आठवडाभराचा चिखल साचलेला असतो आणि मालक अभिमानाने दाखवतो. अशा टाकीपेक्षा दारात ब्रश, पाण्याची बादली आणि शेडसाठी राखून ठेवलेले वेगळे गमबूट ठेवणे कितीतरी चांगले. बाहेरची चप्पल दाराच्या आत येता कामा नये. कोणालाही सवलत नाही, पशुवैद्यालाही नाही. आम्हीच एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, त्यामुळे आमच्यापासूनचा धोका जास्त आहे.

एमआयडीसी_परिसर | १३ मे, सकाळी ११.३०

सर्वांचे लेखन वाचले. माझी अडचण प्रामाणिकपणे मांडतो. माझ्या शेडमधील ६० डुकरे हॉटेलांच्या आणि कारखान्यांच्या कँटीनच्या खरकट्यावर वाढतात. रोज पहाटे तीन ठिकाणांहून पिंपे भरून येतात. विकतचे खाद्य घातले तर किलोमागे जो भाव मिळतो त्यात माझे भागत नाही, आणि माझ्यासारखे पालक या पट्ट्यात बरेच आहेत. ‘खरकटे बंद करा’ एवढेच सांगितले तर आम्ही या चर्चेतून बाहेर पडतो, मग आमच्या शेडमधून रोग तुमच्याकडे येईल. आम्हाला जमेल असे काही सांगा.

निवृत्त_पशुवैद्य | १३ मे, दुपारी ३.४५

तुमचे म्हणणे अगदी रास्त आहे आणि ते टाळून कोणताही आराखडा पुरा होणार नाही. खरकट्याला मी एवढा का घाबरतो ते सांगतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची जी साथ आली तिचा उगम नॉर्थंबरलँडमधील, खरकट्यावर डुकरे पोसणाऱ्या एका फार्मशी जोडला गेला. ते खरकटे नीट शिजवलेले नव्हते. ती साथ थांबेपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू तर खारवलेल्या आणि गोठवलेल्या मांसात कित्येक महिने जिवंत राहतो. कँटीनमध्ये कोणी परगावाहून आणलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा पिंपात पडला तरी तेवढा पुरतो.

उपाय शिजवण्याचा आहे आणि तो मनापासून करावा लागतो. सगळे खरकटे ९० अंश तापमानाला किमान ६० मिनिटे, सतत ढवळत शिजले पाहिजे. एक उकळी आली म्हणजे शिजले असे धरू नये, मधला गोळा थंडच राहतो. चुलीवर मोठी काहील, ढवळायला लांब दांड्याचा उलथा आणि एक साधा तापमापक एवढे साहित्य लागते. कच्चे खरकटे उतरवण्याची जागा आणि शिजवलेले वाढण्याची जागा यांत भिंत हवी, आणि पहाटे पिंपे उतरवणाऱ्या माणसाने हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय कप्प्यात जाऊ नये. बहुतेक ठिकाणी शिजवणे बरे होते, पण कच्च्या पिंपाचीच बादली शिजवलेल्या अन्नात बुडवली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. शक्य असेल तर कँटीनवाल्यांना मांसाहारी पिंप वेगळे ठेवायला सांगा आणि ते घेऊच नका.

एमआयडीसी_परिसर | १३ मे, रात्री ९.१०

काहील आहे, लाकूडफाटाही आहे. तापमापक नव्हता, तो उद्या घेतो. मांसाहारी पिंप वेगळे करण्याविषयी दोन कँटीनशी बोललो, एक तयार झाले. दुसऱ्यांचे पिंप बंद करीन. बादल्यांना दोन रंग देण्याचे ठरवले आहे.

आजऱ्याचा_डोंगर | १४ मे, सकाळी ८.००

आमच्याकडे आजरा, चंदगड, राधानगरीच्या बाजूला आणखी एक दार उघडे आहे, ते म्हणजे रानडुक्कर. ऊस मोठा झाला की ती उसात मुक्काम ठोकतात आणि रात्री शेडपर्यंत येतात. माजावर आलेल्या मादीच्या वासाने नर रानडुक्कर कुंपणाला नाक लावून उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे. युरोपात या विषाणूचा फैलाव रानडुकरांनी किती लांबवला हे बातम्यांतून वाचले, तेव्हापासून एकेरी जाळीवर माझा विश्वास उरला नाही. आता शेडभोवती दोन कुंपणे आहेत, मध्ये सुमारे एक मीटर अंतर, म्हणजे नाकाला नाक लागत नाही. शेड आणि ऊस यांच्यामध्ये दहा फुटांची पट्टी मोकळी ठेवली आहे. एवढी जमीन पडीक जाते याचे घरच्यांना वाईट वाटले, पण मी मागे हटलो नाही.

शिकारीचा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. रानातल्या डुकराची विनापरवाना शिकार कायद्याविरुद्ध आहेच, शिवाय ते मांस ज्या घरात आले त्या घरातील माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या शेडवर कामाला आला तर माझ्या दोन कुंपणांचा काही उपयोग नाही. म्हणून कामावर ठेवतानाच दोन अटी सांगतो : स्वतःच्या घरी डुकरे पाळायची नाहीत आणि डुकराचे कोणतेही मांस डब्यात आणायचे नाही. त्या बदल्यात महिन्याला थोडा पगार वाढवून दिला आहे. गरीब माणसावर नुसती अट लादणे मला योग्य वाटले नाही.

निपाणी_रस्ता | १४ मे, दुपारी १२.२०

माझा स्वतःचा टेम्पो आहे आणि मी सीमेच्या दोन्ही बाजूंची जनावरे वाहतो, म्हणजे या धाग्यावर ज्याची भीती सगळ्यांना वाटते तो मीच. एका दिवसात बेळगावकडची, गडहिंग्लजची आणि शहराजवळची अशी तीन शेड होतात. प्रत्येक जण मला सांगतो की गाडी आत घे, जनावरे चढवायला सोपे पडते. कोणी धुऊन ये असे सांगत नाही आणि धुण्याचे पैसेही देत नाही. आराखड्यात आमच्यासाठी काय लिहिणार आहात?

दूधगंगाकाठ | १४ मे, रात्री ९.३०

दादा, तुम्ही लिहिलेत याचा मनापासून आनंद झाला, कारण तुमच्याशिवाय हा कागद अर्धाच राहतो. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये क्लासिकल स्वाइन फीवरची जी साथ आली, तिच्या सुरुवातीचा संशय जर्मनीहून परतलेल्या आणि नीट न धुतलेल्या एका मालवाहू गाडीवर होता. शेवटी त्या देशाला १ कोटीच्या आसपास डुकरे मारावी लागली.

माझ्याकडे आता असे आहे. रस्त्याच्या कडेला, शेडपासून ५० मीटरवर, विटांचा एक चढाव बांधला आहे. गाडी तिथेच थांबते. विकायची जनावरे माझी माणसे चढावापर्यंत आणतात आणि तिथून पुढे ती तुमची. गाडीत चढून एखादे जनावर परत उतरले तरी ते शेडमध्ये परत येत नाही, त्याच फेरीत त्याची विक्री होते. गाडी धुण्यासाठी चढावाजवळ नळ आणि फवारणी पंप ठेवला असून जो चालक येण्याआधी गाडी धुऊन वाळवून आणील त्याला प्रत्येक फेरीमागे धुण्याची मजुरी मी देतो. दादा, ती मजुरी तुम्हालाही मिळेल. दिवसातील पहिली फेरी माझ्याकडे आणि शेवटची शहराकडे, असा क्रम लावता आला तर आणखी बरे.

निवृत्त_पशुवैद्य | १५ मे, सकाळी ६.५०

खड्ड्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. पावसाळ्यात नदीकाठी चार फुटांवर पाणी लागते. अशा जागी पुरलेले जनावर म्हणजे भूजलात सोडलेले जनावर. खड्ड्याची जागा आजच, उन्हाळ्यात, उंचावर, विहीर-ओढ्यापासून दूर निवडून ठेवा. तिथे जेसीबी पावसातही पोहोचेल याची खात्री करा, आणि चुन्याची पोती कोरड्या जागी साठवून ठेवा.

दुसरे म्हणजे कळवण्याविषयी. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची शंका आली की मालकाने गावपातळीवरील अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे आणि तिथून ते पशुवैद्याकडे जाते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. रोग निश्चित झाल्यास १ किलोमीटरच्या परिघातील डुकरे नष्ट केली जातात आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी व वाहतुकीवर बंधने येतात. लोक यालाच घाबरून लपवतात. पण नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या जनावरांसाठी असते. लपवून ठेवले आणि ती आपोआप मरून गेली, तर हातात काहीच येत नाही. दुसऱ्या मृत्यूला कळवणारा पालक आणि तिसाव्या मृत्यूला कळवणारा पालक यांच्या हिशेबात फार मोठे अंतर पडते.

शिरोळची_लेक | १५ मे, सकाळी १०.३०

डॉक्टरसाहेब, एक शंका. शेडवर आंब्याचे आणि जांभळाचे झाड आहे. सावलीसाठी ते हवे, पण वटवाघळे फळे खाऊन खाली टाकतात. ते धोक्याचे आहे का?

निवृत्त_पशुवैद्य | १५ मे, सकाळी ११.१५

होय. मलेशियात १९९८-९९ मध्ये माणसालाही होणारा निपाह विषाणू डुकरांत आला तो फळझाडांखालच्या शेडमध्ये, वटवाघळांनी उष्टी केलेली फळे खाली पडून. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही या विषाणूच्या खुणा मिळाल्या आहेत. झाड तोडू नका. शेडचे छप्पर झाडाच्या घेराबाहेरपर्यंत वाढवा, पाण्याची टाकी झाका आणि पडलेली फळे रोज गोळा करा, पण डुकरांना घालू नका.

दूधगंगाकाठ | १८ मे, रात्री ८.५०

कागद पूर्ण झाला. नवीन जनावर ३० दिवस वरच्या माळावरच्या वेगळ्या कप्प्यात राहील, त्याला सर्वांत शेवटी खाद्य दिले जाईल आणि त्याचे गमबूट व फावडे वेगळे असतील. गाडी चढावापाशी थांबेल. धरणाच्या विसर्गाची सूचना आली की सहा तासांत पहिली खेप हलेल. त्यासाठी निपाणी रस्त्याच्या दादांनी टेम्पो धुऊन तयार ठेवण्याचे कबूल केले आहे. ताप असलेला कामगार घरी राहील आणि त्याचा दिवस भरून दिला जाईल, कारण माणसाचा फ्लू डुकरांना होतो हेही या निमित्ताने कळले. एका कप्प्यात आठवड्यात दोन मृत्यू झाले तर घरातील मंडळींपैकी कोणालाही न विचारता माझी पत्नी १९६२ ला फोन करील. ही जबाबदारी तिने स्वतःहून मागून घेतली, कारण मागच्या वेळी फोन करू नये असे मी म्हणालो होतो.

खड्ड्याची जागा पाहायला आज ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आणि खालचे चार शेतकरी आले होते. मागे ओढ्याकडेला काय पुरले होते ते मी त्यांना सांगितले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारले की त्या ओढ्याचे पाणी पावसाळ्याआधी तपासून घेता येईल का. उद्या सकाळी मी आणि ते मिळून बाटल्या भरून कोल्हापूरला नेणार आहोत.